लाल पेटी

नव्या गाडीच्या मीटरवर एक पातळ, पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. गाडी दारात येते आणि घरातलं कुणीतरी हौसेने नखाने तिचं टोक उचलून एका झटक्यात ती सोलून काढतं. चर्रर्र असा आवाज होतो. मी जवळपास असलो की माझा हात आपोआप पुढे जातो, "हळू, हळू" असं तोंडातून निघून जातं. लोकांना वाटतं, ओरखडा पडेल म्हणून सांगतोय. ओरखड्याची मला तेवढी भीती नाही.

मी गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात 22 वर्षं काम केलं. सुरुवातीची काही वर्षं स्टोअरमध्ये, पुढे डॅशबोर्डच्या लाइनवर. स्पीडोमीटर, इंधनाचा आणि तापमानाचा काटा, हल्ली ज्याला क्लस्टर म्हणतात तो अख्खा संच आणि त्यांच्या जोडीला गाडीभर विखुरलेले सेन्सर, एवढा माल माझ्या ताब्यात असायचा. दरवाजा, बॉनेट, चाक यांना मार बसला की पोचा दिसतो. हात फिरवला की कळतं. मीटरला मार बसला तर बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. काच तशीच चकचकीत, काटा शून्यावर, मागचे कनेक्टर जागच्या जागी. न दिसणाऱ्या नुकसानीपासून माल जपायचा, असं ते काम होतं आणि ते कसं करायचं हे शिकायला मला बराच वेळ लागला.

पहिला धडा त्या फिल्मचाच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात स्टोअरच्या काकांनी मला टेबलापाशी बोलावलं. समोर रिजेक्ट झालेला एक मीटर होता. त्याला वायर जोडलेली नव्हती, बॅटरी नव्हती. गाडी किती किलोमीटर धावली ते दाखवणारी छोटी एलसीडी खिडकी कोरी होती. काकांनी फिल्मचं टोक धरलं आणि सर्रकन ओढली. त्या कोऱ्या खिडकीत आकड्यांचे तुकडे उमटले. अर्धवट आठ, एक उभी रेघ, कोपऱ्यात काळसर डाग. काही सेकंद ते तसेच राहिले आणि मग हळूहळू विरून गेले.

"बॅटरी आहे का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग आकडे कुठून आले?"

मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, "तू आणलेस. तुझ्यासारखाच कुणीतरी रोज आणतो."

दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटलेले असले आणि ओढून वेगळे केले, की एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात आणि स्थिर वीज, म्हणजेच विजेचा भार, साठतो. फिल्म झटक्यात सोलली तर काही हजार व्होल्ट सहज तयार होतात. प्रवाह नगण्य म्हणून आपल्याला काही होत नाही. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर 35,000 व्होल्टपर्यंत भार साठू शकतो. दमट हवेत तोच आकडा दीड हजाराच्या आसपास उतरतो. माणसाला टोचल्यासारखं जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात. त्याखालचं काही आपल्याला कळतच नाही. आणि मीटरच्या आतल्या काही चिपना 100 व्होल्टही पुरतात. म्हणजे आपल्याला जराही न कळता आपण त्या चिपला तिच्या सोसण्याच्या कितीतरी पट मोठा झटका देऊन मोकळे झालेलो असतो. हा हिशेब कळल्यावर मी काही दिवस कुठल्याच मीटरला नीट हात लावू शकलो नाही.

म्हणूनच त्या टेबलावर जमिनीला जोडलेली मॅट असते, पायाखाली तशीच फरशी असते आणि मनगटात पट्टा. नवीन मुलांना तो पट्टा म्हणजे जाच वाटतो. त्या पट्ट्याच्या वायरीत 1 मेगाओमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा छोटा भाग, बसवलेला असतो, हे मी त्यांना मुद्दाम उघडून दाखवायचो. अंगावरचा भार त्यातून जमिनीत उतरतो, पण सावकाश. आणि चुकून 230 व्होल्टच्या उघड्या तारेला हात लागला, तरी त्या वाटेने पाव मिलिअँपिअरसुद्धा प्रवाह वाहू शकत नाही. मीटर वाचवणारा पट्टा माणसालाही धोक्यात घालत नाही. ज्याने कुणी हे पहिल्यांदा योजलं, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. शिफ्टच्या सुरुवातीला पट्टा तपासणीच्या यंत्रावर बोट ठेवायचं, हिरवा दिवा लागला की कामाला लागायचं. त्या दिव्याकडे न बघता पुढे जाणारा माणूस मला 22 वर्षांत कधीच आवडला नाही.

पिशव्यांची गोष्ट वेगळीच. गुलाबी पिशवी, चंदेरी पिशवी, काळा ट्रे हे सगळं 'अँटिस्टॅटिक' या एकाच नावाखाली चालतं आणि तिथेच गफलत होते. गुलाबी पिशवी घासल्याने स्वतः भार तयार होऊ देत नाही, एवढंच तिचं काम. बाहेरून आलेला झटका ती अडवत नाही. चंदेरी पिशवीत धातूचा अतिशय पातळ थर असतो, तो आतल्या वस्तूभोवती पिंजऱ्यासारखं काम करतो. काळ्या ट्रेमध्ये कार्बन मिसळलेला असतो, भार एका जागी साचून न राहता पसरून उतरून जातो. सर्किट उघडं असेल तर चंदेरी पिशवीच हवी. आणि तिला टाचणी मारून चिठ्ठी लावली, तर भोक पडतं आणि पिंजऱ्याला खिंडार. मी अशा टाचण्या किती काढल्या असतील, मोजदाद नाही.

एकदा मीटर पुरवणाऱ्या कंपनीकडून माल आला तो साध्या बबल रॅपमध्ये. त्यांचे नेहमीचे ट्रे परत जायला उशीर झाला होता, म्हणून कुणीतरी डोकं चालवून हाताशी जे होतं त्यात गुंडाळून पाठवलं. दिसायला तर आधीपेक्षा जास्त जपून पाठवलेलं! मऊ, फुगीर, दोन-दोन थर. आम्ही तपासले, सगळे चालू निघाले. लाइनवर गेले, गाड्यांत बसले. पुढच्या काही आठवड्यांत त्यातले काही परत यायला लागले. कुणाचा दिवा मधूनच विझतो, कुणाचा इंधनाचा काटा चालता चालता खाली बसतो. स्थिर विजेचा घाव हा असाच असतो. चिप तिथल्या तिथे मेली तर सोपं, तपासणीतच सापडते. पण घाव अर्धा बसला, तर ती आजारी अवस्थेत काम करत राहते आणि कुठेतरी रस्त्यात, पावसात, रात्री हात टेकते. त्या बबल रॅपने धक्क्यापासून माल वाचवला आणि घर्षणाने मारला. तेव्हापासून मऊपणाला मी संरक्षण समजत नाही.

जुने यांत्रिक मीटर आता स्टोअरमधून गेले, पण काकांनी एक उघडून ठेवला होता. 1902 साली ओटो शुल्झ नावाच्या जर्मन अभियंत्याने ज्या तत्त्वाचं पेटंट घेतलं, त्याच तत्त्वावर तो चालायचा. गिअरबॉक्सकडून येणारी केबल एका चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, दोघं एकमेकांना कुठेच टेकत नाहीत. चुंबक फिरला की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि वाटीही चुंबकामागे वळू बघते. तिला मागे धरून ठेवते ती केसाएवढी बारीक स्प्रिंग. चुंबकाची ओढ आणि स्प्रिंगचा विरोध जिथे जुळतो, तिथे काटा थांबतो. मी त्या स्प्रिंगवर हलकेच फुंकर मारली होती. काटा थरथरला आणि परत आला. ताशी 100 किलोमीटरने धावणाऱ्या दीड टन लोखंडाची खबर ड्रायव्हरला कळायची ती एवढ्याशा तारेच्या जोरावर.

आताचा काटा छोट्या स्टेपर मोटरवर बसतो. सर्किट मोजून पावलं टाकायला सांगतं, काटा तेवढीच टाकतो. पण मोटरच्या दांड्यावर तो नुसता दाबून बसवलेला असतो. कुणी हौसेने बोटाने काटा फिरवून पाहिला, तर तो दांड्यावर किंचित सरकतो किंवा आतले इवलेसे दाते दुखावतात. मोटर आपली पावलं बरोबरच टाकत राहते, आकडा मात्र चुकीचा दिसतो. आणि चुकीचा म्हणजे कुठल्या बाजूने, याला महत्त्व आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांमधला 39 क्रमांकाचा नियम सांगतो, की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालेल, तोही खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी 4 किलोमीटर इतपतच. गाडी 100ने धावत असताना मीटर 100 ते 114 यांमधलं काहीही दाखवू शकतो, 99 दाखवू शकत नाही. मला हा नियम फार शहाणा वाटतो. चूक होणारच असं धरून चाललाय आणि ती माणसाच्या जिवाच्या बाजूनेच व्हावी एवढं बघितलंय. स्टोअरमधल्या पोराने काटा एक अंश मागे ढकलला, तर तो नियम मोडतो, हे त्या पोराला कुणीतरी सांगायला हवं ना. मी सांगायचो.

बाकीच्या शत्रूंबद्दल थोडक्यात. पुठ्ठ्याचा खोका मीटरच्या जागेत येऊ द्यायचा नाही, कारण कापलेल्या कडेतून बारीक तंतू झडतात आणि त्यातला एक जरी काचेच्या आतल्या बाजूला गेला, तर गाडी असेपर्यंत तो ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर राहतो. खोके बाहेर सोडवायचे, आत फक्त प्लॅस्टिकचे ट्रे. आधी आलेला माल आधी जायला हवा. थर ठरलेत तेवढेच रचायचे, कारण सर्वांत खालच्या ट्रेवर वरच्या सगळ्यांचा भार येतो आणि महिनाभर वाकून राहिलेलं प्लॅस्टिक पुन्हा सरळ होत नाही. काचेला उघडा हात लावायचा नाही. ती काच म्हणजे बहुधा ॲक्रिलिक असतं. एका नव्या मुलाने बोटांचे ठसे दिसतात म्हणून सफाईच्या स्पिरिटने एक ट्रेभर मीटर अगदी मन लावून पुसले. ताण असलेल्या ॲक्रिलिकला असं द्रावण लागलं की केसासारख्या बारीक भेगा उमटतात. उजेडात तिरपं धरल्यावर त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या चमकल्या. मुलगा रडवेला झाला होता. मी त्याला रागावलो नाही, बाटलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली.

दमटपणाचं मात्र मला नेहमी आश्चर्य वाटतं. थंडीतून आलेला ट्रक, आतले खोके गारठलेले, आणि लाइनवरून फोनवर फोन की माल पाठवा. अशा वेळी खोका लगेच उघडला, तर उबदार हवेतली वाफ गार सर्किटवर दव होऊन बसते, जशी गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून बसते. खोका बंद ठेवायचा, आतला माल खोलीएवढा गरम होऊ द्यायचा, मगच उघडायचा. काम म्हणावं तर काहीच नाही, नुसतं थांबायचं. पण लाइन थांबलेली असताना नुसतं थांबणं किती अवघड असतं, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी दोन-तीनदा खोक्यावर हात ठेवून उभा राहिलोय आणि माझ्यापेक्षा मोठ्या माणसाला "अजून नाही, साहेब" म्हटलंय.

लाइनवर गेलो तेव्हा वाटलं, आता जपणूक कमी झाली, जोडणी सुरू. झालं उलट. डॅशबोर्ड गाडीबाहेर, वेगळ्या आधारावर जोडला जातो. मीटर त्यात बसतो, हार्नेसचे, म्हणजे तारांच्या जुडग्याचे, कनेक्टर लागतात आणि मग तो अख्खा डॅशबोर्ड दरवाजाच्या जागेतून आत घेतला जातो. त्या वेळी बॅटरी जोडलेली नसते. अंगठी, घड्याळ, उघडं बक्कल घालून यायचं नाही. न जोडलेल्या कनेक्टरची टोपी शेवटच्या क्षणापर्यंत काढायची नाही, कारण वाकलेली एक पिन शोधायला अख्खा दिवस जाऊ शकतो. आणि फिल्म? ती तशीच ठेवायची. कारण पुढची सगळी माणसं मीटरवरून हात नेणार असतात, सीट बसवणारे, काच बसवणारे, तपासणारे, धुणारे. प्रत्येक हात ती फिल्म झेलते. लाइनवर कधी ती काढावी लागलीच, तर आयन, म्हणजे विजेचा भार असलेले हवेतले कण, सोडणारा पंखा समोर लावून, टोक धरून, सावकाश. त्या पंख्याची हवा भार मोडत जाते आणि एलसीडीची खिडकी कोरीच राहते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो, ते.

गाडी घसरतेय का, गिरकी घेतेय का हे ओळखणारा एक सेन्सर असतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, बघायला अगदी कंटाळवाणा. आत सिलिकॉनची रचना, माणसाच्या केसापेक्षा बारीक दांड्यांवर तोललेली. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या महिन्यात तो माझ्या हातून पडला. लाइनवरच्या टेबलावरून, सिमेंटच्या फरशीवर. टक् असा छोटासा आवाज. मी उचलला, उलटसुलट पाहिला. ओरखडाही नव्हता. आजूबाजूला कुणी पाहिलं नव्हतं. आदल्याच आठवड्यात एका मुलाने मीटर पडल्याचं सांगितलं होतं आणि सुपरवायझरने त्याला सगळ्या लाइनसमोर उभं करून झापलं होतं. मी सेन्सर पुसला आणि ट्रेमध्ये ठेवून दिला. तासाभरात तो ट्रे रिकामा झाला होता.

काही महिन्यांनी एका प्रशिक्षणात फळ्यावर गणित मांडलं गेलं. वस्तू किती उंचीवरून पडली, भागिले किती अंतरात थांबली. टेबल 75 सेंटिमीटर. कडक फरशीवर कडक प्लॅस्टिक फार तर 1 मिलिमीटरमध्ये थांबतं. 750. म्हणजे त्या वस्तूला क्षणभर स्वतःच्या वजनाच्या 750 पट झटका. थांबण्याचं अंतर अर्धा मिलिमीटर धरलं तर 1,500 पट. मी वहीत तो आकडा लिहिला आणि पुढचं काहीच माझ्या कानांत शिरलं नाही. गाडी कुठली होती, मला माहीत नव्हतं. ट्रेमधला कुठला सेन्सर कुठल्या गाडीत गेला, याची तेव्हा आमच्याकडे नोंदच नव्हती. त्याला काही झालं नसेलही. तपासणीत पास झाला म्हणूनच पुढे गेला असेल. पण कुणीतरी ओल्या रस्त्यावर वळण घेताना त्या काळ्या डबीच्या भरवशावर असणार आणि ती माझ्या हातून पडली होती, हे त्याला कधीच कळणार नाही. ते मनातून गेलं नाही. अजूनही गेलेलं नाही.

पुढे लाइनचा प्रमुख झालो, तेव्हा मी पहिलं काम केलं ते लाल पेटीचं. पडलेला पार्ट दिसायला कितीही चांगला असो, लाल पेटीत. शेजारी वही. त्यात तारीख, वेळ, पार्टचा नंबर, कुठून पडला. पाडणाऱ्याच्या नावाचा रकाना मी ठेवला नाही. त्यावरून वरच्या मंडळींशी बरीच वादावादी झाली. नाव नसेल तर शिस्त कशी लागणार, असं ते विचारायचे. मी म्हणायचो, नाव मागितलं तर पार्ट ट्रेमध्ये जाईल, नाही मागितलं तर पेटीत जाईल, कुठे जायला हवाय ते तुम्ही सांगा. माझी स्वतःची गोष्ट मी त्यांना तेव्हाच सांगितली. सांगताना आवाज नीट निघाला नव्हता.

पहिल्या महिन्यात पेटीत एकही पार्ट पडला नाही. अख्ख्या लाइनवर महिनाभर काहीच पडलं नसेल, यावर माझा विश्वास नव्हता. दुसऱ्या महिन्यात मी स्वतः एक मीटर हातून निसटल्यावर सगळ्यांसमोर पेटीत टाकला आणि वहीत लिहिलं. त्यानंतर हळूहळू नोंदी यायला लागल्या. नोंदींवरून कळलं, की बहुतेक पार्ट एकाच टेबलाच्या एकाच कोपऱ्यावरून पडतात. तिथे ट्रे तिरका ठेवावा लागायचा, कारण हार्नेसची ट्रॉली आड यायची. ट्रॉली हातभर सरकवली, टेबलाला कड लावली, खाली जाड रबर अंथरलं. पडलेल्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. तो कोपरा वर्षानुवर्षं तसाच होता. माझा सेन्सरही तिथूनच पडला होता.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी दुपारी शिफ्ट बदलायच्या गडबडीत एक मुलगी माझ्याकडे आली. नवीन होती, मनगटातला पट्टा अजून सोडलेला नव्हता, वायर मागे लोंबत होती. दोन्ही हातांच्या ओंजळीत तिने तो काळा सेन्सर धरला होता.

"काका, पडला माझ्याकडून. वाजलासुद्धा नाही, पण पडला."

मी पेटीचं झाकण उचलून धरलं. तिने तो आत ठेवला, वहीत वेळ लिहिली आणि पुन्हा जागेवर गेली.